विद्यार्थ्याचा स्वभाव, त्याची उभारी आणि अभ्यासातील प्रगती

प्राथमिक शाळेच्या वर्षअखेरीस शिक्षकाला जी अनेक कागदपत्रे पुरी करावी लागतात, त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या वर्णनात्मक नोंदींचा समावेश असतो. विषयवार प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असलेल्या बाबी, व्यक्तिमत्त्वाचे गुणविशेष असे तिचे रकाने ठरलेले आहेत. भाषेची किंवा गणिताची नोंद करताना शिक्षकाच्या हाताशी वहीचा, चाचणीचा काही आधार असतो. गुणविशेषांच्या रकान्याशी आल्यावर मात्र लेखणी अडते, आणि तयार नोंदींच्या यादीतून ‘आज्ञाधारक आहे’, ‘शांत स्वभावाचा आहे’, ‘अभ्यासात चंचल आहे’, ‘कष्ट करण्याची तयारी नाही’ यांपैकी एखादे वाक्य उतरविले जाते. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळावयाच्या अशा शाळेतील शिक्षकास याबद्दल फार दोष देता येणार नाही. तथापि हे वाक्य लिहिले जाते तेव्हा नकळत एक निवाडा दिला जातो. हा मुलगा मागे पडण्याचे कारण त्याच्या स्वभावात आहे, आणि स्वभावाला तर औषध नाही, असा तो निवाडा असतो. पुढील इयत्तेचा शिक्षक तेच वाक्य वाचतो व तेथूनच पुढे चालू लागतो.

हा निवाडा कितपत खरा आहे हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. स्वभाव आणि अभ्यासातील यश यांचा काही संबंध आहे, यात संशय नाही. परंतु तो किती आहे, कोणत्या गुणाचा आहे, आणि मुलाच्या अंगचा गुण किंवा दोष म्हणून जे दिसते ते खरोखर त्याच्या अंगचे असते काय, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत.

मानसशास्त्रज्ञ माणसाच्या स्वभावाचे वर्णन सामान्यतः पाच अंगांनी करतात. घेतलेले काम वेळेवर, नीटनेटके व शेवटास नेण्याची वृत्ती हे पहिले अंग. तिला येथे कर्तव्यतत्परता म्हणू. नवे जाणण्याची उत्सुकता, इतरांशी मिळते घेण्याची वृत्ती, चारचौघांत मोकळेपणाने वागण्याची वृत्ती आणि भावनांचे स्थैर्य ही उरलेली चार. या अंगांचा परीक्षेतील यशाशी संबंध कसा आहे, याविषयी झालेल्या अनेक पाहण्या एकत्र करून आर्थर पोरोपॅट या ऑस्ट्रेलियातील संशोधकाने २००९ साली त्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध केला. त्यात ७०,००० हून अधिक विद्यार्थ्यांची माहिती होती. पाचांपैकी कर्तव्यतत्परतेचा संबंध सर्वांत ठळक दिसला, आणि विशेष म्हणजे बुद्धीचा भाग वजा केला तरी तो बव्हंशी तसाच राहिला. उत्सुकतेचा संबंध त्याहून कमी आढळला. चारचौघांत बोलका असणे व अभ्यासात पुढे असणे यांचा, वरच्या इयत्तांत तरी, फारसा संबंध दिसला नाही. वर्गातील गप्प मुलाला ‘मंद’ समजण्याची जी घाई पुष्कळ ठिकाणी होते, तिला या हिशेबात आधार नाही.

मात्र सर्वांत ठळक ठरलेला हा संबंध तरी केवढा? सहसंबंधाचा गुणांक सुमारे ०.२२ इतका येतो. संबंध मुळीच नसेल तर हा गुणांक शून्य आणि पूर्ण असेल तर एक येतो, हे शिक्षकास अध्यापक विद्यालयातील अभ्यासावरून आठवत असेल. या गुणांकाचा वर्ग केल्यास असे निघते की, विद्यार्थ्याविद्यार्थ्यांच्या गुणांत जो फरक पडतो त्याच्या शंभर भागांपैकी सुमारे पाच भागांचाच उलगडा या स्वभावगुणाने होतो. पाच भाग म्हणजे काहीच नाही असे नव्हे. पण उरलेले पंचाण्णव भाग दुसरीकडे शोधावे लागतात. अलीकडे ज्या चिकाटीचा फार गाजावाजा होतो तिचीही गत याहून वेगळी नाही. अँजेला डकवर्थ यांनी २००७ साली ती कल्पना मांडली. २०१७ साली तत्संबंधीच्या सर्व पाहण्यांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा ही चिकाटी म्हणजे बहुतांशी जुनीच कर्तव्यतत्परता होय, असे दिसून आले.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करावयास हवी. शाळेतील श्रेणी देणारा शिक्षकच असतो. ज्याची वही स्वच्छ, ज्याचा गणवेश नीट, जो विचारल्याखेरीज बोलत नाही, त्याच्या उत्तराकडे शिक्षकाची नजर नकळत मऊ होते. घरी दिवा, पाट व शांत कोपरा असलेल्या मुलाची वही नीटनेटकी राहते, तर गोठ्याशेजारी बसून लिहिणाऱ्या मुलाची राहत नाही. मग वहीच्या डागांचे खापर स्वभावावर फुटते.

परिस्थितीचा परिणाम स्वभाव म्हणून कसा ओळखला जातो, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील एका प्रयोगमालेत सापडते. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९६०-७० च्या सुमारास लहान मुलांपुढे मिठाईचा एक तुकडा ठेवून सांगितले, की हा आता खाल्लास तर एवढाच मिळेल. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुले अधिक वेळ थांबली ती पुढे मोठेपणी महाविद्यालयीन प्रवेशाच्या चाचणीतही पुढे असल्याचे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात आढळले. यावरून संयमी बालक पुढे यशस्वी होते, असा सरसकट निष्कर्ष जगभर काढण्यात आला. परंतु २०१८ साली ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवरून हाच संबंध पुन्हा तपासला गेला, तेव्हा तो पूर्वीच्या निम्माच भरला. आणि घरची परिस्थिती व मुलाची आरंभीची बौद्धिक तयारी हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला.

त्यापूर्वीच, २०१३ साली, रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी अवघ्या २८ मुलांवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रयोग लहान असला तरी तो प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मिठाई पुढे ठेवण्यापूर्वी त्यांनी मुलांना चित्र काढावयास साधे रंगखडू दिले व ‘थोडे थांब, याहून चांगले साहित्य आणून देतो’ असे सांगितले. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना रिकाम्या हातांनी परत येऊन ‘ते संपले आहे’ असे सांगितले. त्यानंतर मिठाईची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांची निराशा झाली होती ती सुमारे ३ मिनिटांत खाऊन मोकळी झाली. या मुलांच्या स्वभावात काही मिनिटांत पालट झाला असे कोणी म्हणणार नाही. समोरच्या मोठ्या माणसाचा शब्द भरवशाचा नाही एवढे त्यांनी ओळखले व त्या अनुभवास धरून ती वागली. ज्या घरात आज आलेला पैसा उद्या राहील याची शाश्वती नसते, त्या घरातील मूल ‘आत्ता अभ्यास कर, दहा वर्षांनी फळ मिळेल’ या आश्वासनाकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना यावरून यावी. शाळेपुरते बोलावयाचे तर शनिवारी गोष्ट सांगण्याचे कबूल केले असेल तर ती शनिवारीच सांगितली पाहिजे, आणि वही तपासून परत देण्याचा वार ठरला असेल तर त्या वारी ती परत मिळाली पाहिजे. धीर धरण्याचा पाठ मुले याच मार्गाने शिकतात. त्याचा स्वतंत्र तास घेता येत नाही.

आता उभारीकडे वळू. पडझड झाल्यावर पुन्हा सावरण्याची, संकटात तग धरून वाढत राहण्याची जी शक्ती, तिला येथे उभारी म्हटले आहे. जळालेल्या झाडाला पालवी फुटते तशी ही शक्ती काही मुलांत दिसते व काहींत दिसत नाही. ती जन्मजात असते काय, या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ पाठपुरावा हवाई बेटांपैकी कौआई या लहानशा बेटावर झाला. एमी वर्नर या मूळच्या जर्मन, बालपणी दुसरे महायुद्ध पाहिलेल्या व पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक झालेल्या विदुषीने, रूथ स्मिथ यांच्यासह, १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या सर्व ६९८ बालकांची नोंद ठेवली. पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या व चाळिसाव्या वर्षी त्यांचा मागोवा घेतला गेला. यांपैकी पुष्कळ मुलांची घरे उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांची होती. जपान, फिलिपाईन्स इत्यादी देशांतून मळ्यावरील कामासाठी आलेल्यांचे ते वंशज होते. महाराष्ट्रातील शिक्षकास हे बेट दूरचे असले तरी उसावर पोट भरणारे घर अनोळखी नाही.

या बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश बालके दोन वर्षांची होण्याच्या आतच अनेक संकटांच्या छायेत आली होती. कायमचे दारिद्र्य, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातील सततची भांडणे किंवा फारकत, आईबापांचे व्यसन अथवा मानसिक आजार यांपैकी चार वा अधिक संकटे त्यांच्या वाट्यास होती. अशा मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांना दहाव्या वर्षापर्यंत अभ्यासाच्या वा वर्तनाच्या गंभीर अडचणी आल्या, किंवा अठराव्या वर्षापर्यंत ती गुन्ह्यांकडे वळली वा मनाने खचली. उरलेला एक तृतीयांश, म्हणजे ७२ मुले, मात्र कर्तबगार, आत्मविश्वासू व दुसऱ्याची काळजी वाहणारी माणसे झाली. येथवर ऐकून कोणी म्हणेल की त्यांचा स्वभावच दणकट असावा. वर्नर यांनाही तसे काही अंशी आढळले. ही मुले तान्हेपणी हसरी व चळवळी होती, दोन वर्षांची झाल्यावर आपले आपण जेवू-बोलू लागण्यात पुढे होती. परंतु शाळेत ती असामान्य बुद्धीची नव्हती. जे काही येत होते त्याचा चांगला उपयोग करीत होती एवढेच. शिवाय हसऱ्या बालकाला कोणीही उचलून घेतो. त्यामुळे स्वभाव कोठे संपतो आणि मिळालेली माया कोठे सुरू होते, हे वेगळे काढणे अवघडच आहे.

ज्या गोष्टी बाहेरून पाहणाऱ्याला मोजता आल्या त्या अधिक उद्बोधक आहेत. या ७२ मुलांपैकी बहुतेकांना घरात निदान एक भरवशाचे माणूस लाभले होते. ते आईबापच असतील असे नाही. आजी, आत्या, थोरली बहीण यांपैकी कोणीही ते असे. त्यांच्याकडे घरातील काहीतरी काम नेमून दिलेले असे, व ते आपण केले नाही तर अडते हे त्यांना ठाऊक असे. घराबाहेर ज्याच्याकडे ती अडचणीत धाव घेत अशा व्यक्तींमध्ये त्यांना आवडणारा एखादा शिक्षक पुनःपुन्हा आढळतो. दहाव्या वर्षी वाचन चांगले येणे ही पुढील आयुष्य सावरले जाण्याची एक भक्कम खूण ठरली. उभारी ही धीराच्या उपदेशाने येत नाही, ती अक्षरज्ञानावरही उभी असते, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल. ज्या मुलाला चौथीत सलग परिच्छेद वाचता येत नाही त्याला जिद्दीच्या गोष्टी सांगण्यापेक्षा रोज वीस मिनिटे शेजारी बसवून वाचावयास लावणे हे त्याच्या मनोबलाचेच काम आहे.

पाहणीचा शेवटचा भाग कमी सांगितला जातो. अठराव्या वर्षी ज्यांच्यावर बिघडल्याचा शिक्का बसला होता त्यांच्यापैकी बहुतेक जण तिशीचाळिशीपर्यंत सावरलेले आढळले. पुन्हा सुरू केलेले शिक्षण, सैन्यातील नोकरी, स्थिर संसार, एखाद्या धर्मसंस्थेचा आधार अशा दुसऱ्या संधींतून हे घडले. अठराव्या वर्षीचा शिक्काही जर एवढा कच्चा ठरतो, तर दुसरीच्या नोंदीचे काय?

महाराष्ट्रात बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुलाला मागे ठेवावयास घरी म्हातारे माणूस असेल तर ते राहते, एरव्ही तेही बैलगाडीवर वा ट्रकवर चढते. हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी पत्रके या योजना याचसाठी आहेत, आणि त्यांचा लाभ मिळवून देण्यात मुख्याध्यापकाची तत्परता फार उपयोगी पडते. परंतु जे मूल गेलेच, ते परत येते त्या दिवशी काय होते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘आलास का रे बाबा, आता काय उपयोग’ असे स्वागत झाले तर ते मूल आठवड्याभरात गुरांमागे दिसेल. त्याची जागा त्याच्या सोबत्यांतच राखलेली असेल, हजेरीत त्याचे नाव त्या दिवसापासून पुकारले जाईल, आणि एखादा चुणचुणीत मुलगा त्याला राहिलेले पाठ सांगण्यासाठी जोडून दिलेला असेल, तर गोष्ट निराळी होते. कोपीवर राहून त्याने मोळ्या मोजल्या, वजनकाट्यावरील आकडे वाचले, लहान भावंड सांभाळले. हे सर्व तोंडी हिशेबात व गोष्टी सांगण्यात वर्गापुढे आणता येते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश व त्यासाठी विशेष शिकवणी ही मुलाच्या हक्काची ठरविली आहे. शिक्षकाच्या कृपेचा तो प्रश्न उरलेला नाही.

शाळेने मुलाच्या परिस्थितीकडे वाकावे, ही कल्पना या प्रांतात नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालविली, कारण थोरल्या मुली धाकट्या भावंडांमुळे शाळेस येऊ शकत नव्हत्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. ‘या मुलींना शिक्षणाची गोडी नाही’ अशी नोंद त्या काळी कोणीही सहज केली असती.

स्तुतीसंबंधी चार शब्द. क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना सोपी कोडी घालून काहींना ‘तू हुशार आहेस’ असे व काहींना ‘तू मेहनत चांगली घेतलीस’ असे म्हटले. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन त्यांना अपयश चाखविले. तिसऱ्या खेपेस पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हणविली गेलेली मुले पहिल्यापेक्षा मागे पडली व मेहनतीची शाबासकी मिळालेली पुढे गेली. हुशारीची पदवी मिळालेल्या मुलाला अपयश म्हणजे ती पदवी गेल्यासारखे वाटते. तरी केवळ शब्द बदलल्याने चमत्कार होतो असे मानू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरील एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना ‘बुद्धी वाढविता येते’ असे छोटे पाठ दिले गेले. मागे असलेल्या मुलांची प्रगती त्यामुळे किंचित सुधारली, आणि ज्या शाळांतील वातावरण त्या शिकवणीस पोषक होते तेथेच ती अधिक दिसली. शाबासकीबरोबर पुढची पायरीही दाखवावी लागते. ‘हातच्याची बेरीज जमली, आता शून्य आले तर काय करशील ते पाहू’ हे वाक्य नुसत्या ‘शाब्बास’हून अधिक काम करते.

उभारीचा उदोउदो करताना एक धोका संभवतो. सोसण्याची सवय आणि उभारी यांत गल्लत होते. जी मुलगी घरचे पाणी भरून, भाकरी थापून, भाऊ कडेवर घेऊन शाळेत येते व कधी तक्रार करीत नाही, तिला ‘कष्टाळू व समंजस’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. नेमून दिलेले काम मुलाला घडविते हे कौआईने दाखविले, पण ते मुलाला पेलणारे असावे लागते. अशा मुलीच्या घरी एकदा जाऊन बोलणे, शाळा व्यवस्थापन समितीत तो विषय काढणे हे तिच्या गुणांचे कौतुक करण्याहून उपयोगाचे आहे. तसेच जे मूल एकाएकी गप्प झाले, दचकू लागले किंवा अकारण मारामारी करू लागले, त्याच्या मागे घरातील एखादी दुर्घटना असू शकते. तेथे चौकशी हळुवार व एकांतात करावी, आणि गरज वाटल्यास आरोग्य तपासणीस येणाऱ्या पथकाच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे. मारणे किंवा अपमान करणे यास कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई आहे. शिवाय ज्या मुलाला भरवशाच्या एका मोठ्या माणसाची गरज आहे, त्याचा एक उमेदवार छडीच्या पहिल्या फटक्यालाच बाद होतो.

नोंदीकडे परत येता, गुणविशेषांच्या रकान्यात स्वभावाचे नाव लिहिण्यापेक्षा पाहिलेले वर्तन, त्याची परिस्थिती व कशाने फरक पडला हे लिहिणे अधिक उपयुक्त ठरते. ‘अभ्यासात चंचल’ याऐवजी ‘सलग लेखनात दहा मिनिटांनी लक्ष उडते; गटात मापनाचे काम दिले असता शेवटपर्यंत करतो’. ‘अनियमित, प्रगती असमाधानकारक’ याऐवजी ‘नोव्हेंबर ते मार्च आईवडिलांबरोबर ऊसतोडणीस, परतल्यावर जोडाक्षरांपासून पुन्हा आरंभ केला, सहा आठवड्यांत सोपा परिच्छेद वाचू लागली, तोंडी हिशेब वर्गात सर्वांत अचूक, भागाकार राहिला आहे’. अशी नोंद वाचणाऱ्या पुढील शिक्षकाला जूनच्या पहिल्या आठवड्यात कोठून सुरुवात करावयाची हे कळते. तिला तीन-चार ओळी लागतात व छापील रकान्यात त्या मावत नाहीत. अशा वेळी कागदाची मागील कोरी बाजू वापरण्यास हरकत नसावी.